आमची गाडी नापास का होत नाही

2018 साली आमच्या घरात एक ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक कोणी नाही, मंजुरी सौभाग्यवतींची. ठराव असा, की मारुती 800 पासिंगला न्यायची आणि ती नापास झाली, तर त्याच महिन्यात नवी गाडी घ्यायची. त्या रात्री मी शांत झोपलो. गाडी 15 वर्षांची, त्यातली शेवटची सहा वर्षं आमच्या सिद्धेश्वर गावात काढलेली. नापास व्हायला याहून अधिक तयारी ती काय करायची?

गाडी पास झाली.

2023 ला पुन्हा नेली, पुन्हा पास झाली. चौतीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, त्यात नापास होण्याची खात्री असलेला विद्यार्थी पास झाल्याचं पाहिलं आहे. पण तो विद्यार्थी निदान पुढच्या वर्गात जाई. आमची गाडी पास होऊन परत आमच्याच अंगणात येते.

पासिंग हा शब्द बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. गाडी कुठल्या जिल्ह्यात नोंदली ते पासिंग, किती साली नोंदली तेही पासिंग, आणि तपासणीत पास झाली की नाही तेही पासिंगच. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस विचारतो, "पासिंग किती सालचं?" सांगायचं, 2003. मग विचारतो, "पासिंग कुठलं?" सांगायचं, 22, म्हणजे परभणी. हिंगोलीचा 38 तिच्या नशिबी नाही. तिसऱ्यांदा तो "पासिंग कधीपर्यंत आहे?" असं विचारतो आणि 2028 ऐकून निघून जातो. गाडीत बसून बघत नाही. मग माझी बायको म्हणते, "बघा, इतकी चांगली गाडी आहे की त्या बिचाऱ्याला परवडली नाही."

गाडीत दोष आहे असं माझं म्हणणं नाही. तक्रार आहे ती नेमकी उलटी. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं ते इंजिन 1983 च्या डिसेंबरात पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती गेलं आणि जानेवारी 2014 मध्ये कारखान्याने ही गाडी बनवणं थांबवलं. मधल्या काळात, 2010 साली, प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा तेरा मोठ्या शहरांत तिची विक्री बंद झाली. बाकी ठिकाणी ती पुढेही मिळत राहिली. हिंगोली त्या तेरांत नव्हती. आमची हवा तिला पुरेशी चांगली ठरली, किंवा आम्ही तिला पुरेसे. कंपनीने गाडी बनवायची सोडली, शहरांनी घ्यायची सोडली. चालायचं सोडलं नाही ते एकट्या गाडीने.

मी ती 2012 साली पाटबंधारे खात्यातल्या एका निवृत्त साहेबांकडून घेतली. साहेबांनी तिला नऊ वर्षं सावलीत ठेवली होती. आम्ही तिला गावात ठेवली. वरचं येलदरी धरण भरलं, पाणी खाली आलं आणि आमच्या सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले, की परभणी-नांदेडचे सगळे पाहुणे एकाच रविवारी धरण बघायला येतात. त्यांना औंढ्याच्या बसस्टँडवरून आणायचं, पाणी दाखवायचं, नागनाथाचं दर्शन करवायचं आणि परत सोडायचं, हे काम पाचजणांच्या गाडीने नऊजणांसाठी केलेलं आहे. मागची सीट काढून हळदीची पोती हिंगोलीच्या बाजारात नेलेली आहेत. दहा वर्षं झाली, अजून पावसाळ्यात काचा लावल्या की आत लग्नाच्या आदल्या दिवसासारखा वास येतो. डाव्या दाराची आतली कडी भाच्याने तोडली, म्हणून शेजारी बसलेल्याला उतरवायला मी फेरी मारून जातो. लोकांना वाटतं, सर फार अदबशीर आहेत. बॅटरी गणपतीत मंडळाची पोरं नेतात आणि विसर्जनानंतर आणून देतात. तिच्यातली वीज मात्र बाप्पाबरोबरच जाते.

अशा गाडीची परीक्षा. तीही पंधरा वर्षांनी पहिली! आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही, असा शिक्षणाचा कायदा 2010 ला लागू झाला, तेव्हा आम्ही मास्तर मंडळी फार हळहळलो होतो. पण त्या मुलांची निदान परीक्षा व्हायची. खासगी गाडीला पंधरा वर्षं कोणी विचारतच नाही. आमच्यासारख्या जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी धुराचा एक दाखला तेवढा घ्यायचा. पंधराव्या वर्षी पहिला पेपर, मग दर पाच वर्षांनी एक.

पेपरच्या आधी चेसिस नंबरची पेन्सिलछाप घ्यावी लागते. कागद नंबरावर धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्याची काढायचो तशी. आयुष्यभर पोरांच्या हातातून हा उद्योग हिसकावून घेतला, आणि सत्तावन्नाव्या वर्षी मी बॉनेटमध्ये डोकं घालून तेच करत होतो. सुनेने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

तपासणीच्या दिवशी गाडी जशी वागते, तशी वर्षभर वागली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. विस्तार अधिकारी शाळेत आले की सगळ्यात व्रात्य पोरगा हाताची घडी घालून बसतो, तशी. इंडिकेटर दोन्ही बाजूंचे लागले. वायपर फिरला. जो हॉर्न शेळ्यांपुढे घोगरा होतो, तो तिथे खणखणीत वाजला. साहेब सभ्य होते. त्यांनी लाइट पाहिले, टायर पाहिले, नंबर जुळवले, ब्रेक दाबायला लावला. गाडी जागच्या जागी थांबली. जिला गणपतीनंतर सुरू करायला पाच माणसं लागतात, ती थांबते उत्तम, यात नवल ते काय? गाडी थांबते का, हे सगळे बघतात. सुरू कशी होते, हे बघायला अंगणात कोणी येत नाही. मी साहेबांना डावं दार आतून उघडून बघा असं सुचवलं. ते म्हणाले, "सर, तुम्ही काळजी करू नका, गाडी चांगली आहे." माझी काळजी तीच होती.

आमच्या शेजारच्या मामांची काळी-पिवळी जीप औंढ्याला फेऱ्या मारते. तिचं दुःख वेगळं. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी. शिवाय उच्च न्यायालयाने बजावलेलं आहे, की ब्रेकची चाचणी 250 मीटरच्या नीट बांधलेल्या ट्रॅकवर घ्या. त्यामुळे मामांकडे दिवाळीसारखाच पासिंगचाही एक सण असतो. जीपला रंग, रेडियमच्या पट्ट्या, बोनेटला हार. आणि फराळाचं ताट यावं तसे मामा आमच्या दारात येतात, फक्त रिकाम्या हाताने.

"सर, ते लाल नळकांडं देता का? उद्या पासिंग हाय."

हे नळकांडं म्हणजे आग विझवायचा सिलिंडर. 2018 ला मी तो हौसेने घेतला. खासगी गाडीला तो लागत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. पण गावातल्या धंद्याच्या गाड्यांसाठी तो कोणी ना कोणी मागतं. तेव्हापासून तो सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी माझ्यापेक्षा अधिक वेळा हिंगोलीला जाऊन आले आहेत. पेटीतलं आयोडीन कोणत्या तरी फेरीत उतरलं. बदल्यात कोणाची तरी कंगवा-फणी आली.

पुतण्या जर्मनीत असतो. तो सांगतो, तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की पहिली तपासणी, मग दर दोन वर्षांनी. आणि त्या निकालांवरून दरवर्षी अहवाल छापतात: कुठल्या मॉडेलच्या शंभरातल्या किती गाड्यांत मोठे दोष निघाले, कोण पहिला, कोण शेवटचा. इंग्लंडात 1960 पासून अशी तपासणी आहे आणि आता ती दरवर्षी असते. नुसता नंबर घातला की कुठल्याही गाडीचे जुने निकाल दिसतात, कशात नापास झाली तेसुद्धा. मी ऐकून हरखलो. म्हणजे तिकडे गाड्या नापास होतात! छापून येतं! माणूस तो कागद बायकोपुढे ठेवू शकतो! आमच्याकडे जुनी गाडी घेताना मॉडेलचा निकाल कुठे बघायचा? औंढ्याच्या मेकॅनिककडे. तो बॉनेट उघडतो, कान लावतो आणि म्हणतो, "इंजिन बेस्ट हाय सर, हात लावू नका." बारा वर्षांत त्याने मला दुसरं वाक्य ऐकवलेलं नाही. पैसे दर वेळी वेगळे घेतले.

नापास करायचं नसेल तर फी वाढवा, असं वर कोणाला तरी सुचलं असावं. 2018 ला फेरनोंदणीची फी 600 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली आणि 2023 ला मी ती भरली. वर पर्यावरण कर वेगळा. ऑगस्ट 2025 ला आणखी हुकूम निघाला: वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000. माझ्या हिशोबाने 2028 ला पासिंगची फी गाडीच्या किमतीला पाठीमागून येऊन गाठेल. दरम्यान सगळ्या जुन्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, 745 रुपये आणि वर जीएसटी. मुदत इतक्यांदा वाढली, की शेवटी मी कंटाळून बसवून घेतली. आता त्या गाडीत सगळ्यात नवी वस्तू नंबर प्लेट आहे, आणि बायको ती दर शुक्रवारी पुसते.

10,000 चा आकडा दाखवून मी ठरावात दुरुस्ती मांडली: गाडी पास झाली तरी नवी घेऊ. "वीस वर्षं निमूट पास होणारीला काढून टाकायचं?" बायको म्हणाली. "आणि नवीचा काय भरवसा, पंधरा वर्षं तर कोणी तपासणारच नाही." दुरुस्ती सूचकासह बारगळली.

परवा मामा सिलिंडर परत द्यायला आले. जीप पास. सिलिंडर हातात घेऊन मी पहिल्यांदाच त्यावरचं लेबल वाचलं. त्याची मुदत 2019 ला संपली होती.

"असू द्या की सर," मामा म्हणाले, "सहा गाड्या पास झाल्या त्याच्यावर." आणि जाता जाता, बॅटरी चार्ज आहे का, असं विचारून गेले.