घरंदाज चोर

वंशावळ काढायला बसलेल्या माणसाला पूर्वज नको असतात, सरदार हवे असतात. आपल्याकडचा कुठलाही कुलवृत्तान्त उघडा, घराण्यातला कुणी ना कुणी पानिपतावर असतोच, आणि तोही आघाडीला. रण सोडून घरी परतलेला एकही सापडत नाही. खरं तर वंश वाढण्याची शक्यता परतलेल्याचीच अधिक.

ऑस्ट्रेलियात ही हौस उलट्या दिशेने जाते. तिथल्या गोऱ्या वसाहतीचा पहिला ताफा, ११ जहाजांचा, जानेवारी १७८८मध्ये पोचला. त्यात सातशेहून अधिक माणसं शिक्षा झालेली होती. १८६८पर्यंत असे सुमारे १,६२,००० कैदी तिकडे धाडले गेले. नातवंडांनी आणि पतवंडांनी ही गोष्ट कितीतरी काळ झाकून ठेवली. आजोबांचा विषय निघाला की चहा पुढे करायचा. आता वारं फिरलंय. पहिल्या ताफ्याच्या वंशजांचं रीतसर मंडळ आहे, १९६८पासून. आपला पूर्वज नुसता कारकून म्हणून आला होता असं निघालं, तर चेहरा पडत असावा.

चेहरा पडण्याला कारण आहे. सज्जन माणूस जन्मतो, लग्न करतो, मरतो. चर्चच्या वहीत तीन ओळी, संपलं. चोराचं तसं नाही. त्याने काय चोरलं, कुणाचं चोरलं, साक्षीदार काय म्हणाले, सगळं न्यायालयाच्या दप्तरात जपलेलं असतं.

मेरी वेडचंच बघा. लंडनच्या रस्त्यावर झाडू मारून पैसे मागणारी जेमतेम अकरा वर्षांची पोर. दुसऱ्या एका मुलीच्या साथीने तिने आठ वर्षांच्या एका मुलीचे कपडे लांबवले: सुती झगा, खांद्यावरचं कापड, टोपी. झगा गहाणही टाकला. जानेवारी १७८९मध्ये तिला फाशी सुनावली गेली. त्या सुमारास वेडाच्या भरात असलेला राजा तिसरा जॉर्ज मार्चमध्ये बरा झाला, आणि त्या आनंदात फाशीच्या कोठडीतल्या बायकांची शिक्षा काळ्या पाण्यावर निभावली. मेरी १७९०मध्ये सिडनीला पोचली, एकवीस मुलांची आई झाली आणि १८५९मध्ये गेली तेव्हा तिचे तीनशेवर वंशज हयात होते. पुढे त्याच वंशातले केव्हिन रड देशाचे पंतप्रधान झाले.

बनावट दस्तऐवज केल्याबद्दल आलेला फ्रान्सिस ग्रीनवे वसाहतीचा वास्तुशिल्पी झाला. त्याच्या इमारती सिडनीत अजून उभ्या आहेत. १९६६ ते १९९३ त्याचा चेहरा देशाच्या दहा डॉलरच्या नोटेवर होता. बनावट कागद करणारा खऱ्या नोटेवर! घराण्याचं यापेक्षा अधिक नाव कुणी काय काढायचं?

माझा लाडका मात्र हेन्री केबल. घरफोडीतला कैदी. वसाहतीतल्या पहिल्या काही लग्नांत त्याचं आणि सुझाना होम्सचं लग्न लागलं. लोकांनी वर्गणी काढून त्यांना सामानाचं एक गाठोडं दिलं होतं, ते जहाजावर गहाळ झालं. दोघांनी थेट कप्तानावर दावा ठोकला. इंग्लंडच्या कायद्याने अशा कैद्याला दावाच लावता येत नव्हता. इथे न्यायालयाने तो ऐकला आणि १५ पौंड भरपाई देववली. ऑस्ट्रेलियातला हा पहिला दिवाणी दावा. फिर्यादी चोर, तक्रार सामान गेल्याची. पुढे केबल चक्क मुख्य शिपाई झाला, आणि १८०२मध्ये डुकरांच्या बेकायदा खरेदीपायी त्या जागेवरून गेलाही.

गाठोड्याची किंमत ठरवणारं ते न्यायालय ज्या जमिनीवर बसलं होतं ती कुणाची, हे मात्र त्या दाव्यात कुणी विचारलं नाही. मूळ रहिवाशांच्या देशाला कायदा बेवारस समजत राहिला. तो समज तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने माबो खटल्यात खोडला, १९९२मध्ये. म्हणजे पूर्वज मिरवायचा तर अख्खा मिरवावा, चोरलेल्या झग्यासकट आणि बळकावलेल्या जमिनीसकट.

आपल्याकडेही कितीतरी जुनी घराणी वतनाच्या भांडणांतल्या महजरांमुळे, म्हणजे निवाड्याच्या कागदांमुळेच तर माहीत आहेत. तेव्हा मंडळी, वंशावळ काढायची असेल तर तलवारी नंतर शोधा. आधी आपलं कोण कुणाशी भांडलं होतं, ते बघा.