विंगस्पॅन काका

न्यू जर्सीतल्या एडिसन-पिस्कॅटवे भागात दोन मराठी माणसं भेटली की आधी गाव विचारतात, मग कंपनी, मग मॉर्गेजचा रेट. विंगस्पॅन काका यातलं काहीच विचारत नाहीत. समोर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असला तर त्याच्या तोंडाकडेही बघत नाहीत. त्यांची नजर पोराच्या खांद्यावरून निघते, कोपर ओलांडून मनगटाशी येते, तिथून बोटांच्या टोकाशी, आणि ते टोक मांडीवर नेमकं कुठवर पोचतंय तिथे मुक्काम करते. गुडघा जवळ असेल तर काकांचा चेहरा उजळतो आणि मग नाव-गाव, आईबाबा काय करतात, अशी विचारपूस सुरू होते. हात आखूड निघाले तर पोराला एक कोरडा आशीर्वाद मिळतो आणि काका प्रसादाच्या रांगेत पुढे सरकतात.

नाव मंडळातल्या पोरांनीच ठेवलेलं. विंगस्पॅन म्हणजे दोन्ही हात आडवे ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत भरणारी लांबी. तुमची-आमची ती साधारण उंचीइतकीच भरते, म्हणून तुम्हा-आम्हाला कुणी निवडत नाही. बास्केटबॉलपटू कवाय लेनर्डची उंची सहा फूट सात आणि विंगस्पॅन सात फूट तीन. हे आकडे काका अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याने चप्पल काढून उभं राहावं.

काका स्वतः बास्केटबॉल खेळलेले नाहीत. डोंबिवलीत त्यांच्या शाळेला कोर्ट होतं. त्यावर मे महिन्यात लग्नाचे मांडव पडत आणि उरलेलं वर्ष मुख्याध्यापकांची स्कूटर. नोकरीने ते एका विमा कंपनीत ॲक्च्युअरी आहेत. दिवसभर माणसं कधी जाणार याचे हिशेब करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पोरं कुठवर जाणार याचे. दुसरं काम ते बिनपगारी करतात, पण कष्ट त्यालाच जास्त.

त्यांचं खास क्षेत्र म्हणजे कॉलेजातला विंग. गार्डाने चेंडू खेळवायचा, सेंटरने रिंगखाली ठाण मांडायचं, आणि या दोघांच्या मधला तो विंग. त्याने थ्री मारायचा, रिबाऊंड घ्यायचा, समोरच्या चपळ गार्डालाही थोपवायचं आणि धिप्पाड गड्यालाही. हे सगळं एकाला येणं दुर्मीळ, म्हणून एनबीएच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, तीसच्या तीस संघांना तो हवाच असतो. त्यात २००६ पासूनचा नियम असा, की ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, वर्षात मुलाला एकोणीस पूर्ण होत असायला हवीत आणि हायस्कूल संपून वर्ष उलटलेलं हवं. त्यामुळे गुणी पोरं कॉलेजात जेमतेम एक हिवाळा काढतात. तेवढ्या तीसेक सामन्यांवरून पुढच्या पंधरा वर्षांचं भाकीत करायचं. संघांचे पगारी स्काऊट यात दरवर्षी तोंडावर आपटतात. काका कधीच आपटत नाहीत, आणि ते त्यांना कसं जमतं हाच या माणसातला खरा पाहण्याचा भाग आहे.

२०२४-२५ च्या मोसमात आमच्या दारातच सोनं पिकलं. रटगर्स विद्यापीठात डिलन हार्पर आणि एस बेली असे दोन हिरे एकाच वेळी आले. हार्पर गार्ड, त्यामुळे काकांनी त्याला सवतीच्या मुलासारखं वागवलं. बेली मात्र विंग, आणि विद्यापीठाच्या यादीत उंची सहा फूट दहा! काकांचा मुलगा रटगर्सलाच कॉम्प्युटर सायन्सला होता. त्याला भेटायला म्हणून काका पिस्कॅटवेच्या जर्सी माइक्स अरीनात जात. मुलाच्या खोलीकडे त्या वर्षी फिरकल्याचं कुणाला आठवत नाही.

त्यांच्या शेजारी बसून सामना बघणं ही शिक्षा आहे. बेली दोन माणसं अंगावर घेऊन उडी मारतो, अशक्य कोनातून चेंडू टाकतो, चेंडू आत जातो, आठ हजार माणसं उठून उभी राहतात, आणि काका कपाळाला हात लावून बसलेले.

"गेला ना आत!" मी ओरडलो.

"गेला, तेच वाईट झालं," काका म्हणाले. "आता हाच शॉट पुन्हा मारेल."

पुढच्या वेळी बेली कोपऱ्यात मोकळा उभा, शांतपणे थ्री मारतो, चेंडू रिंगवर आपटून बाहेर. आठ हजार माणसं खाली बसतात आणि काका एकटे उठतात. "रिलीज बघितलास? मनगट बघितलंस? अहाहा!" पुढच्या रांगेतला एक गोरा म्हातारा वळून बघतो. त्याला वाटतं हे पाहुण्या संघाचे.

गुणफलकाशी काकांचं वैर आहे. इंडियाना विद्यापीठाविरुद्ध बेलीने ३९ गुण केले आणि तरीही रटगर्स हरली. आमच्या घरी सगळे हळहळले. काका मात्र सामन्याची चित्रफीत तुकड्या-तुकड्यांनी परत बघत बसले होते, तीही बेलीच्या हातात चेंडू नसतानाचीच. तो बचावात पाठ वळवतो का, कंबर किती वाकवतो, दुसऱ्याने शॉट चुकवल्यावर परत पळतो की चालतो. "ह्याला मोटर म्हणतात," ते मला सांगतात. मोसमाच्या शेवटी रटगर्सच्या खाती १५ विजय आणि १७ पराभव पडले. दोन हिरे असूनही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढता आली नाही. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. संघ हरला की शेवटची पाच मिनिटं दडपण नसतं, आणि मुलाचा मूळ स्वभाव तेव्हाच दिसतो, असा त्यांचा सिद्धांत.

या विषयात काकांना खरोखर कळतं, हे मान्य केलं पाहिजे. कॉलेजातल्या थ्रीच्या टक्केवारीवर विसंबू नका, शॉट थोडे असतात, नशिबाचा वाटा मोठा. फ्री थ्रो बघा, तिथे समोर कुणी नसतं, हात खरा की खोटा तिथेच समजतं, हे मला त्यांनीच शिकवलं. बेलीचे थ्री साडेचौतीस टक्के, फ्री थ्रो एकोणसत्तर. सामन्यामागे असिस्ट सव्वाच्या आसपास, म्हणजे चेंडू हातात आला की मित्र दिसेनासे होतात. हे सगळं ते नीट मांडतात. इथवर काका शास्त्रज्ञ असतात. 'मग तो मोठा खेळाडू होणार का?' असं विचारलं की मात्र त्यांच्यातला ॲक्च्युअरी जागा होतो.

"होईल," ते म्हणतात, "पण."

या 'पण'नंतर काका दोन नावं घेतात. पहिलं लेनर्ड. सॅन डिएगो स्टेटमध्ये त्याचे थ्री चारातला एक पडायचे. २०११ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या चौदा निवडींत त्याला कुणी घेतलं नाही, पंधराव्या क्रमांकावर इंडियानाने घेतलं आणि त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनिओला देऊन टाकलं. तिथल्या लोकांनी त्याचा शॉट घडवला आणि तीन वर्षांत तो अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू झाला. दुसरं नाव ॲडम मॉरिसन. गोंझागाचा, मिशीवाला, २००५-०६ मध्ये अख्ख्या देशात सगळ्यांत जास्त सरासरी, २८.१ गुण. २००६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर शार्लटने घेतला आणि पुढे त्याचं काही जमलं नाही. मुलगा शॉट चुकवत असेल तर काका लेनर्ड काढतात, मारत असेल तर मॉरिसन. या दोघांच्या मधे जगातला कुठलाही विंग बसतो, त्यामुळे काकांचं भाकीत खोटं पडायला जागाच उरत नाही.

कधी कोंडी झालीच तर जेलन ब्राउन आहे. कॅलिफोर्नियात त्याचे फ्री थ्रो पासष्ट टक्के, थ्री तिसाच्याही खाली. काकांच्या शास्त्राप्रमाणे तो बुडायला हवा होता. बोस्टनने त्याला २०१६ मध्ये तिसरा घेतला तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली, आणि २०२४ मध्ये अंतिम फेरीचा मानकरी तोच. मी हे काढलं की काका चष्मा पुसतात. "ब्राउनचं वेगळं आहे. तो हुशार आहे." ड्राफ्टआधी हीच हुशारी काही जाणत्यांना खुपत होती, हे ते त्या वेळी सांगत नाहीत, ते त्यांनी मला आणखी कुठल्यातरी दिवशी, आणखी कुठल्यातरी मुलाविरुद्ध सांगितलं होतं.

मे महिन्यात शिकागोला ड्राफ्टआधीच्या चाचण्यांचं कम्बाइन भरतं. तिथे पोरांना अनवाणी उभं करून उंची घेतात, हात मोजतात, उडी मोजतात, पंजासुद्धा मोजतात. पूर्वी वजनही उचलायला लावत. २००७ साली, पुढे मोठा खेळाडू झालेल्या केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता. काकांना हे माहीत आहे, तरी कम्बाइनच्या दिवशी ते ऑफिसातून सुट्टी घेतात. त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. आकडे आले. एस बेली, अनवाणी, सहा फूट साडेसात.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अडीच इंच. अडीच इंच वाढवून लिहिले होते विद्यापीठाने. सपशेल फसवणूक!"

काकू कांदा चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "यांच्या बायोडाटात पाच आठ होतं. साखरपुड्याला मी सपाट चपला घालून गेले तेव्हा कळलं."

"ते बुटांसकट होतं," काका म्हणाले.

"तो बिचारा पण बुटांसकटच असेल मग."

काकांनी लॅपटॉप मिटला आणि चहा निवू दिला. काकूंना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही असं ते सर्वांना सांगतात.

त्याआधी ड्राफ्टच्या क्रमाची लॉटरी झाली होती. ज्यांचा मोसम वाईट गेला अशा चौदा संघांत पहिल्या चार जागांसाठी सोडत निघते. चौदा चेंडूंतून चार काढायचे, १,००१ जोड्या होतात, त्यातल्या हजार संघांना वाटून दिलेल्या. उरलेली एक कुणाचीच नाही, ती आली तर सोडत पुन्हा. काकांचा जीव त्या बेवारस जोडीवर आहे. एकदा तरी ती निघावी म्हणून ते दरवर्षी डोळे मिटून बसतात. २०२५ मध्ये ती निघाली नाही, पण हजारात अठराच जोड्या असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक लागला आणि ८२ पैकी ६५ सामने हरलेला यूटा पाचव्यावर घसरला. काका आठवडाभर आनंदात होते. त्यांच्या धंद्यातल्या माणसाला अशा गोष्टी फार सुखावतात.

ड्राफ्टची रात्र, २५ जून, त्यांच्या बेसमेंटमध्ये साजरी झाली. ओक ट्री रोडवरून सामोसे आणलेले, भिंतीवर काकांची स्वतःची क्रमवारी. बेलीने फिलाडेल्फियाची ठरलेली भेट ऐनवेळी रद्द केल्याची बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे तो कुठे पडणार याची सगळ्यांना धाकधूक. मधल्या वेळात काकांनी दरवर्षीप्रमाणे मिकाल ब्रिजेसची गोष्ट सांगितली. व्हिलानोवाचा विंग. आई फिलाडेल्फिया संघाच्या मालक कंपनीत एचआरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. २०१८ मध्ये त्याच संघाने तिच्या मुलाला दहाव्या क्रमांकावर निवडलं, घरच्याच गावी, आई कॅमेऱ्यासमोर हरखलेली, आणि थोड्याच वेळात मुलगा फिनिक्सला देऊन टाकल्याची बातमी. बदल्यात झायर स्मिथ आणि एक पुढची निवड. स्मिथचं पाऊल मोडलं, मग ॲलर्जीने त्याला मरणाच्या दारात नेलं. त्या संघाकडून तो तेराच सामने खेळला. ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण त्या वेळच्या हिशेबाने सौदा योग्यच होता," काका म्हणाले आणि चटणी मागितली.

पहिला कूपर फ्लॅग, दुसरा हार्पर. फिलाडेल्फियाने तिसरा एजकोम घेतला, शार्लटने चौथा कॉन कनिपल. पाचव्या क्रमांकावर बेलीचं नाव पुकारलं गेलं: यूटा. आम्ही सगळे काकांकडे वळलो. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बेलीपुढे 'तीन ते सात' असं लिहिलं होतं. "बरोब्बर मध्यात," काका म्हणाले, आणि मार्करने त्याच्या नावावर आडवी रेघ मारली.

ती रेघ कायमची होती. नोव्हेंबरात मी सहज विचारलं, बेली कसा खेळतोय तिकडे? काकांना क्षणभर नाव लागेना. मग म्हणाले, "हां, तो. तो आता एनबीएत आहे ना?" ज्या स्वरात आपण म्हणतो, ते मागच्या वर्षी गेले ना. एनबीए काका बघत नाहीत. त्यांच्या मते तिथे सगळं सिद्ध झालेलं असतं. जो चांगला तो चांगला, जो वाईट तो वाईट, मत द्यायला माणसाला वाव म्हणून राहत नाही.

"शनिवारी मोकळा आहेस का?" त्यांनी विचारलं. नेवार्कच्या बाजूला एका हायस्कुलात जायचं होतं. मुलगा नववीत. आई सहा फूट एक. आणि उंचीला आईची बाजू धरायची असते, बापाची नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं.

"खेळतो कसा पण?"

"खेळतोय कुठे! घोटा दुखावलाय, मोसमभर बाकावर बसून आहे," काका म्हणाले. "म्हणून तर अजून काही बिघडलेलं नाही."