आधी आवळ

गिऱ्हाइकाचं एक वाक्य पुरतं ऐकून घ्यायचा धीर नाही, पण गंजलेल्या नटाच्या मिनतवाऱ्या करायला दोन दिवस द्यायची तयारी, असा कारागीर गावोगाव भेटतो. त्यातला अस्सल नमुना साकोलीला हायवेच्या कडेला बसतो. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात, घरचेसुद्धा.

त्यांची खरी सुगी सप्टेंबरच्या शेवटी. नागझिऱ्याची सफारी पावसाळ्यात बंद असते. जुलैपासून तीन महिने पिटेझरीच्या बाजूच्या जिप्स्या टिनाच्या शेडखाली, धानाच्या बांधीला लागून ओल खात उभ्या असतात. आधीच जंगलातली गाडी चालणार हळू, त्यात पहाटेची थंडी. पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी सायलेन्सरच्या पाइपात साचतं आणि लोखंडाला आतूनही गंजवतं. बाहेरून चिखल आहेच. बरं, नवी गाडी घ्यावी तर 2019 पासून जिप्सीची साधी विक्रीच बंद. तेव्हा आहे तीच जपायची.

तर गेट उघडायला दोन दिवस उरले की मालक गाडी चालू करतो आणि मॅनिफोल्डच्या सांध्यातून फाटका आवाज येतो. गॅस्केट गेलेलं असतं. त्या आवाजात वाघ दिसायचा नाही. दिसलाच तर पाठमोरा. काम अर्ध्या तासाचं, नट सुटले तर.

"मिस्त्री, परवा गेट खुलते, नागपूरचे पाव्हणे येऊन..."

"समजलं. बस."

मग मिस्त्री गाडीखाली शिरतात आणि त्यांचा आवाज बदलतो. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत त्यांचं तेल असतं: अर्धं थिनर, अर्धं पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल. ते थेंब थेंब नटाच्या मुळाशी सोडायचं, छोट्या हातोडीनं सभोवार टकटक करायची आणि निघून जायचं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. नट आणि स्टड यांच्या आट्यांमध्ये तो फुगून बसलेला असतो. तेलाला आत शिरायला वेळ हवा. मालकाला वेळ नसतो, हा मालकाचा प्रश्न.

"हातातला पाईप ठेव खाली," ते हाताखालच्या पोट्ट्यावर ओरडतात. "जोर लावू नोको. त्याले माणसावानी वागव." मिस्त्रींनी माणसाला तसं वागवलेलं अजून कुणी पाहिलेलं नाही.

सकाळी पाना लागतो. आणि पहिला झटका उलट्या बाजूला. "काढाचा हाय ना? मंग आधी आवळ." किंचित आवळलं की गंजाचा थर तडकतो, मग थोडं सोडायचं, पुन्हा थोडं आवळायचं, पुन्हा तेल. हे चालू असताना मिस्त्री डोळे मिटून ऐकतात. नट कुरकुरला तर चेहरा खुलतो. पाना अचानक मऊ लागला तर हात जागीच थांबतो, कारण नट फिरत नसतो, आतला स्टड पीळ घेत असतो. आणखी एक झटका, की तो तुटलाच.

तरीही नाही ऐकलं तर गॅस. ज्योत नटावर, स्टडवर नाही. नट तापून फुगला पाहिजे. तो लाल झाला की त्याला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. ही मेणबत्ती मिस्त्री खिशात ठेवतात. परवा वीज गेली तेव्हा अंधारात सगळे चाचपडत होते. कुणीतरी ती मागितली. "ते बोल्टाची हाय," असं उत्तर मिळालं. इंजिनाच्या हेडकडे मात्र ते ज्योत नेत नाहीत. हेड अॅल्युमिनियमचं, आणि अॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सरळ वितळतं.

मागे एक गुरुजी आपली जीप घेऊन आले. बारा कोपऱ्यांची गोटी लावून, वर पाईप चढवून त्यांनी घरीच प्रयत्न केला होता. नटाचे कोपरे जाऊन तो पुरता गोल झालेला. मिस्त्रींनी दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसा तो नट न्याहाळला.

"मी यूट्यूबवर पाहिलं होतं की..."

"समजलं. बस."

त्या नटावर त्यांनी एक लहान मापाची सहा कोपऱ्यांची गोटी हातोडीनं ठोकून बसवली. नट सुटला, पण शेजारचा स्टड तुटला. मग त्याच्या थोटकावर दुसरा नट वेल्डिंगनं चिकटवला. त्याच धगीनं थोटूक सैल होऊन निमूट बाहेर आलं. गुरुजींनी वाहवा करायला तोंड उघडलं, पण तोवर मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली गेले होते.

मला विचाराल तर या शांतपणात निम्मं नाटक आहे. पोट्टा खाजगीत सांगतो की गिऱ्हाईक समोर नसलं की मिस्त्री सरळ ग्राइंडर काढतात. मी ते त्यांना विचारलेलं नाही. विचारलं तरी प्रश्न पूर्ण होणार नाही.

नागपूरचे पाव्हणे ज्यात बसणार होते त्या जिप्सीचे नट दुसऱ्या संध्याकाळी सुटले. नवे बसवताना मिस्त्रींनी डब्यातून पितळी नट काढले. पितळ लोखंडी स्टडवर गंजून बसत नाही. मालकानं किंमत विचारली आणि तोंड वाकडं केलं.

"पितळेच्या भंडाऱ्याचा माणूस अन् पितळेले नाही म्हनते?" मिस्त्री कडाडले. "तुह्या आज्याच्या घरी पितळेचं गंगाळ होतं ना? कधी जाम झालं काय ते?"

"गंगाळाले नट नसते, मिस्त्री," मालक म्हणाला.

हे वाक्य मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पोट्ट्याला तीन चहा सांगितले आणि नट पितळीच लावले.