घ्यायचा, पण कितीला?

उन्हाळा लागला की खेड तालुक्यात दोन मालांचा भाव फुटतो. एक हापूस आणि दुसरा टेनिस बॉलवर षटकार मारणारा पोरगा. हापूस निदान हुंगून तरी घेता येतो.

हल्ली वाडीवाडीची प्रीमियर लीग आहे. संघमालक आहेत, आयकॉन खेळाडू आहेत, लिलावही आहे. समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेला पोराचा फोटो, खाली 'उजव्या हाताचा फलंदाज, बेस प्राइस ५०० पॉइंट'. पैसे नाहीत, पॉइंट आहेत. त्यामुळे सगळेच अंबानी.

आणि मग ते नाव येतं.

चेंडू रस्त्यापलीकडच्या काजूत टाकणारा. सरावाला कधी न फिरकणारा. 'रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडतो, पहाटे खेडला उतरतो' असं शनिवारी सांगणारा आणि रविवारी टॉसच्या वेळी डोंबिवलीतून फोन उचलणारा. पुढच्या रांगेतले काका मान हलवतात, 'वाया गेलंय रे पोरगं.' मग घसा खाकरून पहिली बोली तेच लावतात.

घ्यायचा की नाही? जेद्दापासून आमच्या जामग्यापर्यंत प्रश्न एकच.

जेद्दात, आयपीएलच्या लिलावात, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये पृथ्वी शॉच्या नावावर आला. बेस प्राइस ७५ लाख. दहा संघ, दहा टेबलं, एकही हात वर नाही. त्याच लिलावात राजस्थानने १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर १ कोटी १० लाख लावले. एकाचं सगळं व्हायचं होतं म्हणून तो आशा. दुसऱ्याचं बरंच होऊन गेलं होतं म्हणून तो धोका.

(वैभवने पुढच्याच एप्रिलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकून राजस्थानला शहाणं ठरवलं. लिलावाच्या दिवशी हे कुणाला माहीत होतं? आता विचाराल तर सगळ्यांनाच.)

पृथ्वीने काय करून ठेवलं होतं? २०१३ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, शालेय हॅरिस शिल्डमध्ये ५४६. फेब्रुवारी २०१८ मध्ये कर्णधार म्हणून १९ वर्षांखालचा विश्वचषक. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध १३४. वय १८. कसोटी पदार्पणात शतक करणारा सर्वांत लहान भारतीय. आपल्याकडे एवढ्या वयात शतक झालं की पोराला समजावणारं माणूस नंतर मिळतं, 'नवा सचिन' ही पाटी आधी.

पाटी गळ्यात घालून धावता येतं का?

मग उतार लागला. सिडनीत सराव सामन्यात घोटा दुखावला. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातून बंदी असलेलं द्रव्य पोटात गेलं, आठ महिन्यांची बंदी. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला शून्य आणि चार. त्याच सामन्यात भारताचा अख्खा डाव ३६ धावांत आटोपला होता. पृथ्वीला त्यानंतर कसोटी मिळाली नाही. एकूण कसोट्या पाच, वय २१.

या वयात आमच्याकडची पोरं लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर चिकटण्यासाठी धडपडत असतात. याचा पूर्वार्ध, उत्तरार्ध आणि मृत्युलेख, तिन्ही छापून झाले होते.

बरं, धावा थांबल्या होत्या का? २०२०-२१ च्या विजय हजारे करंडकात ८२७. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध ३८३ चेंडूंत ३७९. रणजीच्या इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची खेळी. बक्षीस म्हणून न्यूझीलंडविरुद्धच्या टी-२० संघात बोलावणं आलं. एकही सामना खेळवला नाही. जेवायला बोलावलं आणि पानच मांडलं नाही!

पहिल्या क्रमांकाची खेळी कुणाची, हे मराठी माणसाने विसरू नये. भाऊसाहेब निंबाळकर, पुणे, १९४८, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला ९ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. आणि निंबाळकर भारताकडून किती कसोट्या खेळले?

एकही नाही.

त्यांच्या शिस्तीबद्दल कुणाची तक्रार असल्याचं ऐकलंय? मग निवड म्हणजे गुण आणि शिस्त यांची बेरीज, हे शाळेतलं गणित कुणी शिकवलं आपल्याला?

आता मुंबईची बाजू. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं. कारण तंदुरुस्ती. डिसेंबरात मुश्ताक अली करंडक जिंकला आणि लगेच विजय हजारेच्या संघातून नाव गायब. त्याला मैदानात लपवावं लागतं, अशी आतली खबर बाहेर आली. त्याने समाजमाध्यमावर आपली सरासरी मांडून देवालाच जाब विचारला. देव ऐकत असेलही, पण निवड समितीच्या बैठकीला तो नसतो.

मुंबईचं चुकलं? मला नाही वाटत. ४२ वेळा रणजी जिंकलेल्या संघाने पोट सुटलेल्या सलामीवीराची आरती का ओवाळावी? रांगेत दुसरे उभे होतेच. फक्त एक पुसतो. हे पोट ३७९ धावांच्या खाली झाकलेलं असताना कुणाला दिसलं नव्हतं का?

शिस्त ही धावा आटल्यावरच आठवते.

यावर कुणीतरी विनोद कांबळीचं नाव काढणारच. काढा. १७ कसोट्या, सरासरी ५४.२०, शतकं चार, त्यातली दोन द्विशतकं. शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी. शिकवणीच्या वर्गापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत 'कांबळीसारखं होऊ नकोस' हे वाक्य फुकट वाटलं जातं. पण हिशेब करा. ज्यांनी त्याला घेतलं त्यांचं काय बुडालं? त्यांना ५४ च्या सरासरीने धावा मिळाल्या. जे गेलं ते त्याचं गेलं.

धोका संघ पत्करतो, असं म्हणायची पद्धत आहे. किंमत भरतो तो पोरगा.

आपल्या मातीतलं बघू. कबड्डी. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांत मिळाला. मोसम गाजवला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. त्याने चढाया केल्या, गुण आणले आणि संघ १२ पैकी ११ वा आला. त्यानंतरच्या मोसमात खांदा गेला. आता सांगा, धोक्याचा माल कोणता होता? स्वस्तातला अनोळखी पोरगा की महागातला ओळखीचा?

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. गेल्या हंगामात जो संघ तळाला, त्याला पहिली निवड. रेशनच्या रांगेत सगळ्यात गरिबाला पुढे घ्यावं तसं. तिथे क्वार्टरबॅक म्हणजे डाव मांडून चेंडू फेकणारा, संघाचा मेंदू. १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर पेटन मॅनिंग गेला, दुसऱ्यावर रायन लीफ. मॅनिंगने दोन सुपर बोल जिंकले, लीफ २००१ नंतर मैदानात दिसला नाही. दोन वर्षांनी टॉम ब्रेडी नावाचा एक पोरगा १९९ व्या क्रमांकावर उचलला गेला. सात सुपर बोल. म्हणजे १९८ वेळा जाणकारांनी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतलं होतं.

आणि ते सगळे जाणकार पगारी होते.

आपल्या रत्नागिरी जेट्सचं तरी काय? २०२३ ची महाराष्ट्र प्रीमियर लीग त्यांनी जिंकली, कारण अंतिम सामना पावसात वाहून गेला आणि गुणतक्त्यात ते वर होते. कोकणच्या संघाला पावसाने नाही तर कुणी मदत करायची? २०२४ ला मात्र खेळून जिंकले. लिलावाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेल्यांनी पाऊस कुठल्या रकान्यात धरला होता, तेवढं कळायला हवं.

तर जुलै २०२५ मध्ये पृथ्वी मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. 'निष्ठा' वगैरे शब्द लगेच हवेत उडाले. खेडच्या माणसाला त्याचं काय कौतुक? मार्च २०२३ मध्ये गोळीबार मैदानावर ५ तारखेला उद्धव ठाकरेंची सभा झाली, १९ तारखेला त्याच मैदानावर एकनाथ शिंदेंची. कोण कुणाचा संघ सोडून कुठे गेला, यावर दोन्हीकडून मनसोक्त फटकेबाजी. तिथे कुणाची तंदुरुस्तीची चाचणी झाल्याचं काही आठवत नाही.

महाराष्ट्राने काय गमावलं असतं? फार तर सलामीची एक जागा, एका मोसमापुरती. ऑक्टोबरात गहुंजेला सराव सामना. समोर मुंबईच. पृथ्वीच्या १८१ धावा, आणि बाद झाल्यावर जुन्या सहकाऱ्यांशी खडाजंगी. एकाच डावात दोन्ही पृथ्वी पाहायला मिळाले. तिकीटही नव्हतं.

मग रणजीतला पहिला सामना, केरळविरुद्ध. पहिल्या डावात भोपळा. 'सांगितलं नव्हतं?' मंडळी ताडकन उठून बसली. दुसऱ्या डावात ७५. मंडळी आडवी झाली. पुढचा सामना चंडीगडशी, १५६ चेंडूंत २२२, त्यातलं द्विशतक १४१ चेंडूंत. मंडळींनी कूस बदलली आणि 'भारतीय संघात घ्या' म्हणून बोंब ठोकली. सामनावीर ऋतुराज गायकवाड ठरला. त्याने तो मान पृथ्वीबरोबर वाटून घेतला. पृथ्वीला इतका सहज जामीन दुसरं कुणी राहिल्याचं ऐकिवात नाही.

आणि मग डिसेंबर. अबू धाबी. आयपीएलचा लिलाव. पहिल्या फेरीत पृथ्वीचं नाव पुकारलं, टेबलं गप्प. शेवटी शेवटी दिल्लीने हात वर केला, ७५ लाख. त्याच दिवशी चेन्नईने २० वर्षांचा प्रशांत वीर आणि १९ वर्षांचा कार्तिक शर्मा यांच्यावर प्रत्येकी १४ कोटी २० लाख लावले. दोघेही भारताकडून तोवर खेळलेले नव्हते. पोरं गुणी आहेत, त्यांचं भलं होवो. पण एकाच्या पैशात १८ पृथ्वी आले असते आणि वर ७० लाख उरले असते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी 'जुगार' हा शब्द कुणासाठी वापरला असता, विचारायला नको.

असल्या पोराला घ्यावंच. तळाच्या भावात घ्यावं, कर्णधारपद देऊ नये, एक खमका फिजिओ मागे लावावा, आणि 'आम्ही संधी दिली' असं भाषण ठोकणाऱ्या पदाधिकाऱ्याला त्याच्यापासून दोन हात लांब ठेवावं. हजेरी लावली तर खेळव, नाहीतर बसव. एवढं साधं आहे. पण साध्या गोष्टीचा लिलाव होत नाही.

तोवर विरारहून आणखी एक निघालाय. आयुष म्हात्रे. एप्रिल २०२५ मध्ये जखमी ऋतुराजच्या जागी चेन्नईने ३० लाखांत बोलावला, वय १७. आल्या आल्या गोलंदाजांना झोडपलं. सध्या तरी त्याला कुणी धोका म्हणत नाही. दोन मोसम वाईट जाऊ देत.