भाडेकरूंचे वकील

अण्णा कुठलंही बांधकाम उभ्याने बघत नाहीत. आधी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. मग गुडघ्यांवर हात टेकून, 'आई गं' म्हणत खाली वाकतात, हनुवटी टेबलाच्या काठाला लावतात आणि एक डोळा मिटतात. उघडा डोळा तुमच्या दारातून आत शिरतो. दार म्हणजे लेगोचं. उंची सव्वादोन इंच. त्या दारातून एकाहत्तर वर्षांचा डोळा आत फिरत असतो आणि बाहेर आपण परीक्षेच्या निकालाला उभं असल्यासारखे उभे असतो. बऱ्याच वेळाने टेबलाच्या पातळीवरून आवाज येतो :

"छान. पण ह्या गृहस्थांना रात्री लघवीला जायचं झालं तर?"

गृहस्थ म्हणजे आत उभा असलेला पिवळ्या तोंडाचा, दीड इंचाचा प्लास्टिकचा माणूस. तो आपण शोभेसाठी ठेवलेला असतो. अण्णांच्या लेखी तो तिथे राहायला आलेला असतो.

डोंबिवलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आठ-दहा जण कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो. सोबत आपापल्या डब्यांतून, खोक्यांतून आणि एकाच्या बाबतीत गव्हाच्या पिंपातून आणलेले ब्लॉक्स असतात. दातांचे डॉक्टर आहेत, गणिताच्या बाई आहेत, इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा आहे, बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर असलेला एक जण आहे (आठवडाभर खऱ्या विटा बघून ज्याचं मन भरत नाही), आणि बँकेतला मी. खोक्यावरचं चित्र बघून जुळवलेलं काही इथे आणायचं नाही, स्वतःच्या डोक्याने केलेलंच आणायचं, हा एकमेव नियम. अशा रचनेला ह्या छंदातले लोक जगभर 'मॉक' म्हणतात. आमच्या घरचे 'पसारा' म्हणतात.

छंद स्वस्त नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झालं आणि २०२३ मध्ये सत्तर. त्यामुळे अमेरिकेतून कुणाचा मावसभाऊ येणार म्हटलं की आम्ही त्याची तब्येत विचारायच्या आधी त्याच्या सामानात किती किलोची जागा आहे ते विचारतो.

अण्णा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे तपासून त्यावर तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. नातू सातवीत गेल्यावर क्रिकेटकडे वळला, त्याचे ब्लॉक्स अण्णांकडे राहिले, आणि मग अण्णा आमच्याकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि एक ब्लॉक मोजला. दोन बोंडांच्या मध्यांतलं अंतर आठ मिलिमीटर, विटेची उंची नऊ पूर्णांक सहा, चपट्या प्लेटची बरोबर त्याच्या एक तृतीयांश. (वरच्या गोल उंचवट्यांना आम्ही स्टड म्हणतो. अण्णांनी त्यांना बोंडं म्हटलं आणि तेव्हापासून आम्हीही तेच म्हणतो.) डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या त्या कंपनीने २८ जानेवारी १९५८ ला ह्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते, हे कळल्यावर अण्णा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्याची खिडकी दुसऱ्या मजल्याच्या चौकटीत बसत नाही."

बाईंनी मग त्यांना आणखी एक आकडा सांगितला. आठ बोंडांच्या सारख्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे एकमेकींत जोडता येतात. कोपनहेगन विद्यापीठातल्या एका गणितज्ञाने संगणक लावून मोजलेत. बाई हा आकडा सांगताना दर वेळी किंचित फुलतात. अण्णांनी तो ऐकला आणि विचारलं, "त्यातल्या राहण्याजोग्या किती?"

एव्हाना लक्षात आलं असेल की अण्णा स्वतः कधी चूक काढत नाहीत. चूक काढली असती तर आम्ही भांडलो असतो; आम्ही डोंबिवलीचे आहोत. अण्णा फक्त आतल्या भाडेकरूची तक्रार तुमच्यापर्यंत पोचवतात, तीही अशा आवाजात, की 'माझं काही नाही हो, मला तर आवडलंय, पण हे बिचारे म्हणतायत.' तक्रार आली की तारखेसकट विमा एजंटाने दिलेल्या खिशातल्या डायरीत तिची नोंद होते. राग येतो तो त्या पिवळ्या तोंडाच्या माणसाचा. एवढं करून घर बांधून दिलं, आणि हा आत बसून हसतोय.

इंजिनिअरिंगच्या पोराने एकदा कमरेच्या वर येईल असा मनोरा आणला होता. निळ्या काचा, आत चक्क दोऱ्याने वरखाली होणारी लिफ्ट. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा वाकले.

"छान. लिफ्ट बंद पडली तर?"

"जिना आहे ना अण्णा. मागून बघा."

अण्णा मागून वाकले. पायऱ्या अख्ख्या विटांच्या होत्या. अण्णांनी तळमजल्यावरचा माणूस अलगद चिमटीत धरला आणि पहिल्या पायरीशी उभा केला. "ह्यांची उंची चार विटा. पायरी एक विटेची. म्हणजे आपल्याला प्रत्येक पायरी सव्वा-दीड फुटाची. आणि त्यातून," त्यांनी माणसाचा पाय पुढे-मागे हलवून दाखवला, "ह्यांना गुडघे नाहीत."

पोरगा त्या दिवशी पोहे न खाता गेला. पुढच्या महिन्यात मनोरा परत आला तेव्हा जिना प्लेटांचा होता, एका विटेच्या जागी तीन पायऱ्या, आणि मनोऱ्याला एकाएकी अशी काही उंची आली होती की पहिला मनोरा आम्हाला कपाटासारखा वाटू लागला. पोरगा मात्र आम्हाला सांगत होता, "अण्णांचा काही संबंध नाही. मी ते करणारच होतो."

डॉक्टरांच्या अंतराळयानाला तर बोंडंच नाहीत. सगळ्या विटा आडव्या वळवून गुळगुळीत बाजू बाहेर आणायची, ह्या कसबाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'स्नॉट' होतं, आणि स्नॉट म्हणजे शेंबूड. डॉक्टरांच्या पत्नीने फोनवर नवऱ्याचं "काल रात्री दोनपर्यंत स्नॉटच करत होतो" हे वाक्य ऐकून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला होता. यानाला अण्णांनी दहा मिनिटं दिली. मग म्हणाले, "निघालेत लांबच्या प्रवासाला. पिण्याचं पाणी?" डॉक्टरांनी यानाच्या पोटात टाकी बसवली. इंधनाची टाकी अजून नाही. तिच्याबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही.

सुपरवायझरचं वेगळं. त्याला साइटवरची सवय. फट दिसली की तो तिच्यात काहीतरी खुपसतो. दोन बोंडांच्या मधे प्लेट उभी दाबून बसवली, की ती बसते, पण विटेवर ताण येतो. कंपनीचे स्वतःचे डिझायनर अशा जोडणीला बेकायदेशीर मानतात आणि आपल्या संचात येऊ देत नाहीत. अण्णांनी ह्या प्रकाराला मराठी नाव दिलं : अनधिकृत बांधकाम. आमच्या भागात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सुपरवायझर कसनुसा हसत म्हणाला, "अण्णा, दंड भरून नियमित होत नाही का?"

अण्णांची सगळ्यात कडक शिक्षा कुठली म्हणाल, तर "रंग छान आहेत". हे वाक्य आलं की समजायचं, बोलण्यासारखं काही सापडलं नाही. बाईंनी एकदा अडीच हजार चपट्या गोल तुकड्यांची भिंतीवर टांगायची तसबीर केली, त्यांच्या वडिलांची. अण्णांनी टेबलाला हनुवटी लावली. आत जायला दार नव्हतं, आतच नव्हतं. तसबिरीत माणूस होता, पण तो तिथे राहत नव्हता. अण्णा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "रंग छान आहेत." बाई दोन महिने आल्या नाहीत. मला विचाराल तर त्या तसबिरीतल्या वडिलांच्या डोळ्यांखालची सावली ज्या सात करड्या तुकड्यांनी साधली होती, ती आमच्यातल्या कुणालाच जमली नसती. पण अण्णांना राहता माणूस लागतो. नसला की त्यांचं वकीलपत्र आपोआप रद्द.

आता माझी गोष्ट. मी आमचं कोकणातलं घर केलं. ते आता नाही. चुलत्यांत वाटणी झाली आणि कौलं कुणी तरी उतरवून नेली. आठ महिने लाल उतरत्या विटा जमवत होतो. त्या पंचेचाळीस अंशांच्या विटांनी छपराला असा उतार आला, की जूनमध्ये त्याखाली उभं राहिल्यासारखं वाटावं. अंगणात तुळस. ओटीवर झोपाळा, आणि झोपाळ्याच्या आजूबाजूला आजोबा, दोन काका आणि शेजारचे भाऊ, चौघांच्या हातांत इवलाले कप. त्या रविवारी मी नवा शर्ट घातला होता.

अण्णा वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. मला वाटलं, गहिवरले.

"छान. उतार तर फारच छान," ते म्हणाले. "पण ह्या चौघांना चहा कुणी दिला?"

"म्हणजे?"

"ओटीच्या मागे भिंत आहे. दार नाही. भिंतीच्या मागे काही नाही. चूल नाही, माजघर नाही, बाई माणूस नाही. चार पुरुष बसलेत आणि कपांतून वाफ निघतेय. आला कुठून चहा?"

सगळे हसले. मीही हसलो आणि घरी जाऊन चार दिवस कुणाशी धड बोललो नाही. वाफ मी दाखवलीच नव्हती, हे मला अण्णांना सांगायचं होतं. पाचव्या रात्री मी मागची भिंत काढली. भिंत काढली तसं माजघर आठवलं, माजघराच्या कोपऱ्यातलं जातं आठवलं, आणि मागच्या दाराशी एक पाय दुमडून बसलेली आजी आठवली. आठ महिने मी तिचंच घर बांधत होतो आणि ती माझ्या डोक्यातही आली नव्हती. पिकला अंबाडा असलेलं डोकं मिळायला आणखी तीन महिने गेले. ती चुलीशी बसल्यावर अण्णा वाकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आला चहा." डायरीतली एक ओळ त्यांनी तिरपी रेघ मारून खोडली.

तीन वर्षांत अण्णांनी स्वतःचं मात्र काही आणलं नव्हतं. त्यामुळे ह्या पौषात ते खांद्याएवढं खोकं घेऊन दारात उभे राहिले तेव्हा आमच्यात जी हालचाल झाली तिला मी आनंद म्हणणार नाही. ती पूर्वतयारी होती. पोराने तर चष्मा काढून खिशातही टाकला, आणि त्याला खरं तर चष्म्याशिवाय काही दिसत नाही.

खोक्यातून धरण निघालं. एकास तीनशे प्रमाण. वरची बाजू सरळ, खालची उतरती, मधे सांडवा, सांडव्यावर सहा वक्रद्वारं, आणि मागून काडी फिरवली की सहाही एका वेळी उघडत होती. जलाशय पारदर्शक निळ्या गोल तुकड्यांचा. खाली गडद, वर फिकट, काठाला अगदी पुसट. एकही जोड अनधिकृत नव्हता.

"कुठलं हो अण्णा?"

"कुठलंच नाही. सगळ्यांतलं थोडं थोडं आहे."

आम्ही आळीपाळीने वाकलो. प्रत्येकाने हनुवटी लावली, एक डोळा मिटला. आत कुणी नव्हतं. दार नाही, जिना नाही, चहा नाही. भाडेकरूच नाही तर तक्रार कुणाची घेणार? डॉक्टर सरळ उभे राहिले, आवंढा गिळला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "अण्णा, रंग छान आहेत."

अण्णा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

ह्या गडबडीत डॉक्टरांची सहा वर्षांची मुलगी माझ्या घराशी खेळत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिने ओटीवरून शेजारच्या भाऊंना उचललं, कपासकट, आणि जलाशयाच्या मधोमध निळ्या तुकड्यांत कमरेपर्यंत खुपसून उभं केलं. मग टेबलाला हनुवटी लावली. ती तशी न वाकताच लागते.

"अण्णाआजोबा," ती म्हणाली, "ह्या काकांचं घर कुठेय?"

डॉक्टर "अगं, काढ ते" म्हणाले. अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं. ते खाली वाकले, 'आई गं' न म्हणता, आणि तिच्या शेजारी हनुवटी टेकवून बराच वेळ पाण्यातल्या भाऊंकडे बघत राहिले. भाऊ कप धरून हसत होते. स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली.

मग अण्णा उठले, डायरी काढली, तारीख घातली आणि एक ओळ लिहिली. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वळले.

"तुझ्या त्या छपरातल्या लाल विटा उरल्यात का रे काही?"

"आहेत की. किती हव्यात?"

"असतील तेवढ्या आण," अण्णा म्हणाले.