आमच्या पोटावर पाय देऊ नका

(एका बनावट संकेतस्थळाच्या चालकाचे हे निवेदन जनहितार्थ जसेच्या तसे देत आहोत.)

प्रति,
समस्त मराठी गिऱ्हाईक,
स. न. वि. वि.

आम्ही बनावट संकेतस्थळे चालवून कष्टाने पोट भरणारी साधी माणसे. मध्यंतरी धंदा छान चालला होता. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवा, असे फर्मान निघाले. मुदत ३१ मार्च २०२५. ती वाढली, मग पुन्हा वाढली, मग पुन्हा. दर मुदतीच्या तोंडावर सगळे गाडीवाले मोबाइल घेऊन बसत आणि शोधात जे नाव सर्वांत वर दिसेल त्यावर बोट ठेवत. सर्वांत वर जाहिरातीचे पैसे भरून आम्ही बसलेलो.

सरकारचेही सहकार्य लाभले. प्लेटचे काम विभागवार तीन खासगी कंपन्यांना मिळाले आणि त्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळांच्या नावांत ‘गव्ह डॉट इन’ नव्हते. म्हणजे खरे होते तेही आमच्यासारखेच दिसे! दुचाकीचा सरकारी दर जीएसटी सोडून ४५० रुपये, मोटारीचा ७४५. आम्हीही तोच लावला. जादा दर लावून गिऱ्हाईकाला लुबाडणे आमच्या तत्त्वात बसत नाही.

अलीकडे मात्र काही खोडसाळ मंडळी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्याच दुव्यावरून नोंदणी करतात. एवढा वेळ लोकांकडे येतो कुठून? त्यातले काही तर आमचे नाव शेवटून वाचतात. नावाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र’, ‘परिवहन’, ‘गव्ह’ असे काहीही आम्ही घालू शकतो. पण पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे येते, ते लपवता येत नाही. तिथे ‘गव्ह डॉट इन’ फक्त सरकारी खात्यांना मिळते. भेदभाव, दुसरे काय?

रिझर्व्ह बँकेने तोच कित्ता गिरवला. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी ‘बँक डॉट इन’ या नावावर जायचे, आणि ते नाव बँकांखेरीज कोणाला नाही. होतकरू तरुणांनी करायचे काय?

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राने आम्हाला वर्षानुवर्षे हात दिला. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या कार्डाचा क्रमांक वाटेत कोणी वाचू शकत नाही. तो आमच्याकडे सुखरूप पोचतो. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट मिळते. तुम्ही कुलूप पाहून निर्धास्त व्हायचात. २०२३ मध्ये गुगलने क्रोममधून ते काढूनच टाकले. म्हणे लोकांचा गैरसमज होतो! त्या गैरसमजावर किती संसार उभे होते, हे कोणी विचारले का?

आता तर आमची जन्मतारीख काढतात. ‘हू इज’ नावाच्या सेवेत नाव टाकले की संकेतस्थळ कधी नोंदवले ते फुकटात कळते. आम्ही अभिमानाने लिहावे ‘१९८५ पासून आपल्या सेवेत’, आणि नोंदणी निघावी गेल्या मंगळवारची! दिलेल्या क्रमांकावर फोन करून पत्ता विचारणारे महाभाग वेगळेच. रात्र रात्र जागून स्वतः लिहिलेल्या पंचतारांकित अभिप्रायांवरही आता कोणी भुलत नाही.

तरी आमच्या माफक मागण्या अशा :

१. घाई सोडू नका. ‘आज रात्री बारापर्यंतच’ असे दिसले की विचार थांबवा.

२. पत्ता स्वतः टाइप करू नका. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरच विसंबा.

३. यूपीआयने पैसे देताना सरकारी शुल्क कोणा भलत्याच व्यक्तीच्या नावावर निघाले, तरी ते नाव वाचू नका.

४. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करू नका. लगेच केलात, तर आम्ही काढून घेण्याआधीच बँक ते पैसे गोठवू शकते. आधी भरपूर लाजा, घरच्यांपासून लपवा, दोन दिवस जाऊ द्या. तेवढ्यात आम्ही आटोपतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
(पत्ता दर आठवड्याला बदलतो.)