वरचा गळतो, खालचा बदनाम

वरातीत क्लॅरिनेट किंचाळली की सगळे वादकाकडे पाहतात. नवरदेवाचा काका तर अशा नजरेनं पाहतो की बँडच्या उरलेल्या पैशांतून काहीतरी कापलं गेलंच म्हणून समजावं. पुष्कळदा त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. दोष असतो चावीखालच्या, नखाएवढ्या पॅडचा.

आजच्या नेहमीच्या क्लॅरिनेटवर 17 चाव्या आणि 6 कड्या असतात. चावीखाली पॅड, पॅडखाली भोक. भोक पुरतं बुजलं पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी हवा निसटते. त्यातही गंमत अशी की गळती वरच्या भोकाशी असली तरी आवाज बसतो खालच्या सुरांचा, कारण खालचा सूर काढायला वरची भोकं बंद लागतात. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे यंत्र समजावून सांगावं लागत नाही.

गळती शोधायची जुनी युक्ती म्हणजे सिगारेटचा कागद. त्याची बारीक पट्टी पॅडखाली सरकवायची, चावी मिटायची आणि पट्टी हळूच ओढायची. सगळीकडून सारखी अडली तर पॅड ठीक. एका बाजूनं सुळकन निघाली तर फट तिथेच. आयुष्यात झुरका न मारलेले दुरुस्तीवाले पानाच्या टपरीवर जाऊन नुसता कागद मागतात आणि पानवाल्याच्या नजरेतून कायमचे उतरतात.

पॅड बदलणं तसं सोपं. फेल्टची चकती, तिच्यावर गुराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा, तयार मिळते. खरी पंचाईत चावी तुटली की होते. जुन्या बँडवाल्यांच्या पेटीत अजून एखादी ‘अल्बर्ट’ पद्धतीची क्लॅरिनेट निघते. ब्रुसेल्सच्या युजीन अल्बर्टच्या नावानं ती ओळखली जाते. तिचा सुटा भाग कुठल्या दुकानात मागावा? दुकानदार आधी वाद्याकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि म्हणतो, “नवीन घ्या ना, साहेब.” आणि समजा तशाच दुसऱ्या वाद्याची चावी मिळाली, तरी ती बसेलच असं नाही. चावी ज्या दोन खांबांत फिरते ते खांब पूर्वी हातानं बसवलेले. शिवाय पन्नास वर्षांच्या वापरानं कोण कुठे झिजलंय ते त्या वाद्यालाच ठाऊक. म्हणून नव्या चावीसाठी जुनीची हुबेहूब नक्कल करून भागत नाही. ती आजच्या झिजेच्या मापानं घडवावी लागते.

तेव्हा जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रणाचा, तुकडा घ्यायचा. त्यावर आकार रेखायचा, बारीक करवतीनं कापायचा, कानशीनं घासायचा. बोट टेकतं तो भाग ठोकून जरा खोलगट करायचा. मग आडवी नळी, पॅडची वाटी आणि दांडी टाकणखार लावून चांदीच्या डाकानं जोडायची. यात नळीनं जीव खाल्ला नाही असा कारागीर नसेल. कानशीचा एक हात कमी पडला तर ती खांबांत शिरत नाही, एक हात जास्त झाला तर खुळखुळते, आणि घासलेला धातू परत चिकटवता येत नाही. पण या खटाटोपात एक चैन आहे जी कारखान्याला परवडत नाही: वादकाची करंगळी आखूड असेल तर चावी तिच्या बेतानं वाकवून देता येते. वादक समोर स्टुलावर बसलेला, त्याच्या बोटाकडे बघत चावी चिमट्यानं किंचित आत घ्यायची. असं माप शिंपीसुद्धा हल्ली घेत नाही.

हे सगळं सोनाराचं काम वाटत असेल तर ते बरोबरच आहे. म्युनिकचा थिओबाल्ड बोम (1794–1881) सोनाराचा मुलगा आणि स्वतःही सोनारकाम शिकलेला. बासरी वाजवता वाजवता त्यानं 1832 मध्ये कड्यांची नवी रचना केली. पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि वाद्यं घडवणारा ब्युफे यांनी कड्यांची ती कल्पना क्लॅरिनेटवर नेली. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. भोकंही त्यानंच बुजवावीत.

चावीला परत जागेवर आणणारी स्प्रिंग मात्र सोनाराकडची नव्हे, शिवणाच्या डब्यातली. पोलादी सुई निळा रंग चढेपर्यंत तापवायची, म्हणजे तिचा ठिसूळपणा जाऊन लवचीकपणा येतो. मग नेढं तोडायचं, टोक ठोकून चपटं करायचं आणि खांबात घट्ट बसवायचं. घरातल्या सुया कमी का होतात याचा शोध अशा कारागिराच्या बायकोनं एकदा तरी घेतलेला असतो.

लाकडाची तऱ्हा वेगळी. चांगली क्लॅरिनेट आफ्रिकी ब्लॅकवुडची, म्हणजे आपल्या शिसवीच्या भावकीतली. उन्हाळ्यात तिचे सांधे सैल पडतात, आषाढात इतके आवळतात की सोडवायला दोन माणसं लागावीत. वाळलेल्या लाकडात एकदम दमट फुंकर गेली तर तडा जातो. तो बुजवायला त्याच लाकडाचा भुसा गोंदात कालवून भरतात.

जुनं वाद्य उघडलं की आधीच्या दुरुस्तीवाल्यांची हजेरी लागते. स्प्रिंगच्या जागी रबर बँड, सांध्यावरच्या बुचाच्या जागी गुंडाळलेला दोरा, वाटीत लाखेचा गोळा. दोऱ्याला नावं ठेवू नयेत. युरोपातसुद्धा सांधे पूर्वी मेण लावलेल्या दोऱ्यानंच भरत. रबर बँडबद्दलही मला आदर आहे. रात्री नऊला स्प्रिंग तुटली तरी सव्वानऊला तो वरात पुढे नेतो आणि आपण कायमचे आहोत असा दावा तो कधी करत नाही. माझा राग आहे तो झटपट चिकटणाऱ्या गोंदावर. तो तुटलेलं जोडतो आणि न तुटलेलंही जोडतो. एकदा खांबात शिरला की चावी फिरत नाही आणि निघतही नाही.

तेव्हा माळ्यावर आजोबांची क्लॅरिनेट सापडलीच तर एवढं करा. गोंद लावू नका, तेल ओतू नका. आणि पेटी उघडताना खाली टिचकन पडलेला मोहरीएवढा स्क्रू केराबरोबर लोटू नका. तो बाजारात मिळत नाही. कुणाला तरी बसून बनवावा लागतो.